माहीत असताना

साडेनऊला आले. ताट वाढलेलं होतं,
अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर.
जमादार दारातूनच म्हणाला, "चाल शालिक, साहेब बलावते."
आणि यानं हात धुतले,
न जेवताच.

हे मी कोणाला सांगितलं नाही.

दारव्ह्याचं कोर्ट. पाण्याच्या टाकीमागं खोली,
विधी सेवा समितीची पाटी, तिला टेकवलेली कोणाची तरी सायकल.
नगराळे वकीलबाई म्हणाल्या, "फी नाही लागत इथं. बसा. कागद द्या."
एफआयआर दिली, घामानं मऊ झालेली.
बाईंनी जाडं पुस्तक उघडलं,
पेनाच्या टोपणानं ओळ दाबून धरली:
कलम तीनशे सतरा, पोटकलम दोन.
"चोरी नाही लावली याच्यावर. चोरणारे वेगळे.
याच्यावर आहे चोरीचं तांबं घेतल्याचं.
अन् नुसतं घेतलं म्हणून होत नाही,
माहीत असताना घेतलं पाहिजे.
ते त्यांनी सिद्ध करायचं. आपण नाही."

सातवी शिकलेली मी. ओळ पुढंही होती:
किंवा तसे मानण्यास कारण असताना.
टोपण तिथपर्यंत गेलं नव्हतं.

"माल उघड्यावर होता का झाकून?"
"फळीवर. येणाऱ्याजाणाऱ्याले दिसे."
"छान. पावती?"
कोण देतो पावती.
"किलोला भाव काय दिला?"

मी वर पंख्याकडं पाहिलं.
यानंच भरून दिला होता तो, मागच्या उन्हाळ्यात.
भाव मला ठाऊक होता. बाजारात साडेसातशे,
तो पोट्टा तीनशेत टाकून गेला, रात्री,
आणि पोरीच्या नर्सिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख उद्याची होती.

बाईंनी टोपण पेनाला लावलं.
"राहू द्या. आत्ता नका सांगू.
मला माहीत असताना
मला कोर्टापुढं खोटं बोलता येत नाही."

कोठडीशी तीन मिनिटं दिली.
"सही केली का कशावर?"
"केली."
"बाई म्हन्ते, ठाण्यातली कबुली कोर्टात नाही चालत.
पण तुमच्या बोलण्यावरून जे उकरून काढतीन ते चालते.
गप राहाचा हक्क हाय म्हन्ते."
गप राहणं याला काय शिकवायचं.
एका कॉइलला बहात्तर वेढे,
मध्येच कोणी हाक मारली
की तार उकलून पुन्हा एकपासून.

चोवीस तासांच्या आत उभं करावं लागतं. तेविसाव्याला केलं.
मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "मारहाण झाली?"
यानं आधी जमादाराच्या बुटांकडं पाहिलं.
मग, "नाही."
जमानत झाली, पंधरा हजार आणि एक जामीनदार.
भासऱ्यांनी फोन उचलला नाही.

आला तो वसराम चव्हाण, सातबारा पन्नीत गुंडाळून.
त्याच्याही विहिरीवरची मोटर गेली होती दिवाळीत.
"माही बी गेली," म्हणाला, "पण गहू पाण्यावर आला,
अन् नवीचं कॉइल जळलं.
याच्याबिगर भरते कोन?"
सही करताना त्यानं मान वर केली नाही.
मीही नाही.

पंचनाम्यात अकरा किलो लिहिलंय.
फळीवर चौदा होतं, तोलताना काटा मीच धरला होता.
तीन किलो कुठं गेलं ते बाईंना सांगू का?
सांगितलं तर पहिला प्रश्न हाच येईल,
तुम्हाला कसं माहीत.

दोषारोपपत्र यायचंय. पुढची तारीख सतरा.
रात्री दुकानात बल्ब होता. वार्निशचा वास.
वसरामची मोटर उघडी टाकून हा बसलेला,
ओठ हलत होते.
मी दारात उभी राहिले. एकच विचारायचं होतं,
भाकरीआधी हात का धुतले.

चौतीस. पस्तीस.

मोजताना बोलायचं नसतं.