उलटा नऊ

मोडेनाबाहेर धुकं. गॅरेजचं शटर अर्धंच वर.
झुरिकचं गिऱ्हाईक कागदांची फाईल पोटाशी धरून.
एर्मेस चासीवरचा रंग खरवडतो:
लाल, खाली लाल, त्याखाली करडा,
मग आकडे.

"त्रेसष्टात सहाचा ठसा फुटला आमचा.
नवा येईस्तोवर नऊच उलटा धरून हाणायचो,
शेपूट जरा ताठ उठायची.
हा बघा.
हा जन्मापासून सहाच आहे."

फाईल मिटते.

म्हातारा मडगार्डच्या आत हात घालतो
आणि काढतच नाही.
पत्र्यावर हातोडीचे घाव, डावखुरे,
माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक.

"ओळखीचं काम?" फोस्का कॉफी ठेवते.

"नेव्हिओचं. माझ्याच हाताखालचा.
सगळं शिकवलं पोराला.
नऊचं तेवढं
सांगायचं राहून गेलं."