दहा मिली

दापोलीत दंडातून दहा मिली रक्त घेतलं.
बर्फाच्या डब्यातून मुंबईला गेलं ते,
आमची सुरमई जाते तसं.

पंधरा दिवसांनी मुकादमबाईंनी
कागद पालथा ठेवला.
"बाळाचं ठीक दिसतंय, हेमांगी.
पण ह्या रक्तात तिसरंच काही आहे.
तुझ्या अंगातलं. शोधावं लागेल."

हर्णैला उतरले तेव्हा लिलाव चालू होता.
जाळं पापलेटला टाकावं, वर भलतंच यावं,
हे आम्हाला नवं नाही.
नको ते परत पाण्यात टाकतो.
हे?

तू अजून लिंबाएवढा. की एवढी?
ते विचारायचं नसतं.
तुझ्या निमित्तानं माझं उघडं पडलं.

सासूनं टोपली उचलून दिली.
"काय म्हणाली डॉक्टरीण?"
"बाळ बरं आहे," म्हटलं.
खोटं नव्हतं.