वीस किलोच्या आत

आग्नेलच्या दुकानात, डिचोली बसस्टँडच्या मागे,
दोन काटे मांडले होते.
एक लखलखीत, आरशासारखा.
दुसरा काळपट, लोखंडी, वर जाड रबर.
"हा ने," आग्नेल म्हणाला, "गंजायचा नाही. नातू वापरतील."
मी तांब्याभर पाणी मागितलं,
त्या आरशावर ओतलं, चपला काढल्या
आणि भर दुकानात घसरून दाखवलं.
गाय एकदा घसरली
की वर्षभर त्या वाटेला जात नाही, म्हटलं.
काळपट टेम्पोत चढवला.

मला काट्यातलं कळतं.
सतरा वर्षं खाणीच्या फाट्यावर
काचेच्या खोलीत बसून मी ट्रक मोजले.
भरलेला एक आकडा, रिकामा एक आकडा,
वजा करून उरायचा तो डोंगर.
पावती फाडायची. पुढचा.
त्या काट्याला वीस किलोच्या आतलं दिसायचं नाही.
पाण्याचा कॅन, जेवणाचा डबा,
मे महिन्याच्या सुट्टीत बापाबरोबर केबिनमध्ये बसून आलेली
ड्रायव्हरची पाच वर्षांची मुलगी,
मला हात करायची.
वजनात ती नव्हतीच.

आता सहा गुरं. आणि हा अर्ध्या किलोपर्यंत बोलणारा.

चिऱ्यांच्या ओट्यावर ठेवला तेव्हा चार कोपरे चार बोलले.
ओटा फोडला, सिमेंट घातलं,
पाणसळीचा बुडबुडा मधोमध येईतो
सुलक्षा कंदील धरून उभी.
मग वीस किलोचं एकच वजन
कोपऱ्याकोपऱ्यावर फिरवलं
आणि चौघांकडून एकच साक्ष घेतली.

पण गाय म्हणजे ट्रक नव्हे.
ती श्वास घेते, माशी वारते, मागे वळून बघते.
दोनशे सत्तावन्न. दोनशे एकाहत्तर. दोनशे बासष्ट.
डब्यावर एक बटण आहे, दाबलं की आकडा थांबतो.
डॉक्टर नजरेनं साडेतीनशे म्हणायचे,
जंताचं औषध त्याच हिशेबानं पाजायचे.
मी वही पुढे केली.
ते चष्मा पुसत राहिले.

पावसाळ्यात तो आजारी पडतो.
फळीखाली शेण सुकतं, एखादा खडा अडकतो,
उंदरानं वायर कुरतडली म्हणून ती पाइपातून नेली,
तर जोडाच्या डबीत हुमले.
चतुर्थीच्या आधी सगळं उचलून धुतलं, वाळवलं.
तपासायला वजन हाताशी नव्हतं,
पेंडीचं शिवलेलं पन्नासचं पोतं ठेवलं.
साडेअठ्ठेचाळीस.
रात्रभर काट्यावर संशय घेतला.
सकाळी वजन मिळालं. काटा खरा होता.
पेंडीचं दुकान बदललं.

काजळी पांढरी आहे, श्वेतकपिला;
नाव डोळ्यांवरून पडलं.
मंगळवारी पहाटे ती व्याली.
वासरू उभं राहून पडत होतं, पडून उभं राहत होतं,
तेव्हा सुलक्षानं ते उचललं आणि फळीवर चढली.
साडेएकाहत्तर.
वासरू खाली ठेवून पुन्हा चढली.
चोपन्न.
"माझा आकडा वहीत नको हां."
मी वजाबाकी केली. साडेसतरा.
पेन तसंच धरून बसलो.
फाट्यावरची काचेची खोली आठवली,
आणि तो हात.

सुलक्षा वासरू घेऊन गवतावर गेली.
फळी रिकामी, पण काटा शून्यावर येईना.
अर्धा. शून्य. एक. अर्धा.
वायर बघायला वाकलो,
तर काजळी मान लांब करून
रबरावरचा तो ओला डाग चाटत होती,
जिभेच्या प्रत्येक फेऱ्याला आकडा हलत होता.

बटण हाताशी होतं.
दाबलं नाही.