साडेसहा हजारांत

भिशी यंदा सातव्या महिन्यात लागली.
सात हजार. पाचशे गॅसला गेले.
उरलेले साडीच्या घडीत ठेवले
आणि कुणाला बोललो नाही.

कॉम्प्युटर अकरा वर्षांचा. आला तेव्हा पांढरा,
आता गुळाच्या ढेपेसारखा.
एका बाजूचा पत्रा कायमचा काढलेला,
तिथं टेबलफॅनचं तोंड.
दिवसा त्याच्यावर लग्नपत्रिका:
चि., चि. सौ. कां., मामांची रांग, कृपया आहेर आणू नये.
रात्री भांडी पालथी घातली की
मी ट्रक चालवतो.

होय, बाई आहे मी. आमच्याकडं बायका असंच बोलतात,
येतो, जातो, चालवतो.
प्रज्योत पुण्याला गेल्यापासून फोनवर सांगतो,
'आई, चालवते म्हण.'
म्हटलं, तू तुझं चालव.

गेम त्याचाच, जाताना पुसायचा राहिलेला.
सोळा चाकं, मागं लाकडाचे ओंडके,
जिभेवर न बसणारी गावं, आणि बर्फ.
बर्फाशी माझा संबंध रंकाळ्यावरच्या गोळ्यापुरता.
तरी चढ चढतो, बोगद्यात शिरतो,
बाहेर पडताना चित्र थांबतं.
आवाज पुढं जातो.
चित्र परत येतं तेव्हा मी दरीत.
चार महिने, तीच दरी.

राजारामपुरीत, जिना चढून, तौसिफ मुल्लाणीचं दुकान.
सुटे पार्ट भाजीसारखे ढिगानं.
'पोराला घेताय व्हय काकू?'
तोंडातनं होय निघून गेलं.
'मग नवाच घ्या की. चाळीसात बसवून देतो.'
पिशवी घट्ट धरली. 'साडेसहात काय बसतंय?'

त्यानं छताकडं बघितलं,
जुन्या बिलाच्या पाठीवर लिहिलं:
रॅमची एक कांडी, वापरलेली.
कार्ड, कुठल्याशा कॅफेतनं निघालेलं, पंखा जरा कुरकुरतोय.
'आणि पॉवर सप्लाय बदलल्याबिगर कार्ड लावायचं नाही.
जुना पेटला तर सगळं घेऊन जाईल.'
एसएसडी लिहिली, बेरीज केली, एसएसडी खोडली.
'पोराचं नेमकं कुठं अडकतंय?'
'बोगद्यातनं बाहेर आलो की.'

आलो.

पेन थांबलं. मान वर न करता तो म्हणाला,
'काकू, मग सावल्या बंद करा. आरसे कमी करा.
निम्मं काम तिथंच होतंय.'
कागदाच्या पुडीत करडी पेस्ट दिली, अंगाऱ्याएवढी.
तिचे पैसे घेतले नाहीत.

घरी वर्तमानपत्र पसरून सगळं उघडलं.
उद्यमनगरच्या भट्ट्यांची काळी भुकटी,
पत्रिकांवरचा सोनेरी वर्ख,
पालीचं एक फुटकं अंडं.
रंगाच्या ब्रशनं झाडलं.
रॅमचे पिवळे दात प्रज्योतच्या शाळेतल्या खोडरबरानं घासले.
बटण दाबलं. तीन शिट्ट्या, आणि काळोख.
पोटात गोळा आला,
सोमवारी माळवदकरांच्या पत्रिका द्यायच्या,
सगळा मजकूर ह्याच्या पोटात.
कांडी काढली. फुंकर मारली. अंगठ्यानं दाबली
कट्ट वाजेपर्यंत.
एक शिट्टी.

सावल्या बंद केल्या.
झाडं जमिनीला न टेकल्यासारखी,
आरशात मागचं काही दिसेना.
चढ. बोगदा. पिवळे दिवे एकेक अंगावरनं गेले.
बाहेर.

थांबलं नाही.

बोगद्यापलीकडं एक पूल होता,
मग वळण, मग पेट्रोल पंप.
एवढंच? म्हटलं.
चार महिने मला वाटत होतं, काय असेल.
हँडब्रेक ओढला. डिझेल भरलं.
कार्डाचा पंखा खरंच कुरकुरतोय,
पण ट्रकच्या आवाजात खपून जातो.
पुढं रस्ता होता, गेलो.

सकाळी बघतो तर माळवदकरांच्या पत्रिकेत
नवरीची आत्या दोनदा.