अधिक-उणे

केझिकच्या ब्रेथवेटबाईंच्या परसात
चार पायांवर पांढरी पेटी, आत तापमापक.
एकेचाळीस वर्षं, सकाळी नऊला,
वहीत शिसपेन्सिलीनं एकच आकडा.

त्या वह्या संगणकात भरायला मी आले.
ब्याण्णवचा मार्च अडला:
आसपासच्या गावांहून दीड अंश जास्त, महिनाभर.
बाई म्हणाल्या, "मांजर व्याली होती पेटीत.
बाळंतिणीला उठवायचं कसं?"

मी तळटीप लिहिली:
स्थानिक उष्णतास्रोत, पाच. दुरुस्ती, उणे दीड.
अनिश्चितता, अधिक-उणे एक पिल्लू.

"आणि हा सात जुलै कोरा?"
"त्या दिवशी हॅरल्ड गेला."
किटली शिटी वाजवून थांबली.
"ऊन होतं पण. छान पडलं होतं.
कितीचं, ते नाही पाहिलं."

संगणकाला कोरं चालत नाही.
मी शेजारच्या गावचं ऊन उसनं आणून भरलं.

पिल्लं वजा केली, हॅरल्डही धरला,
तरी रेघ आपली चढतेच आहे,
तिला कुणाच्या बाळंतपणाशी देणंघेणं नाही.

निघताना, आमच्यात म्हणतात तसं म्हटलं,
काही अधिक-उणं बोलले असेन
तर मनावर घेऊ नका.

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली.
"किती?"