उंचीचा दाखला

आकाशाला उतार असतो
हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.
धावपट्टीच्या टोकाशी ते जमिनीला टेकतं,
तिथून पन्नास पावलं मागे गेलं
की एक पाऊल वर सरकतं.
असं कुर्ल्यावरून, पत्र्यांवरून, मशिदीच्या भोंग्यावरून
घाटकोपरच्या टेकडीकडे चढत गेलेलं
एक कुणीच न शाकारलेलं छप्पर.
त्याला खालून काही लागता कामा नये.

माझं काम तिपाई रोवायची
आणि मोजायचं. जमिनीपासून नाही,
समुद्रसपाटीपासून.
समुद्र इथून दिसत नाही,
वास येतो तोही मिठीचा.
तरी माझ्या वहीत प्रत्येक गच्ची
भरती-ओहोटीच्या मधल्या रेषेवर पाय ठेवून उभी.

नभांगण सोसायटीचे ओगले
जिन्याच्या किल्ल्या घेऊन पुढे चालले.
तळमजल्याच्या खांबांतून सळया बाहेर आलेल्या,
त्यावर कुणीतरी फडकी वाळत घातलेली.
"नकाशात अकरा मजले होते," ओगले म्हणाले.
"तुमच्या ऑफिसातून परत आला तेव्हा चार.
चार तर आत्ताच आहेत हो.
त्यानंतर बिल्डर फोन उचलेना."
मग वर बोट दाखवून,
"आमच्या डोक्यावर आहे तरी काय?"
"काही नाही."
"मग अडतंय कशाला?"
"त्यालाच."

इथे विमान आलं.
इथली माणसं विमान आलं की वाक्य हातात धरून ठेवतात,
सुई अडवून धरावी तसं,
आणि गेलं की त्याच टाक्यावर पुढे शिवतात.
ओगले तोंड अर्धं उघडं ठेवून थांबले.
पोटाखालची चाकं दिसली, चाकांवरची धूळ दिसली.
"...त्यालाच म्हणजे?" ते म्हणाले.

उत्तर द्यायच्या आत
ते पाण्याच्या टाकीवर चढले, हवा बघायला.
टाकीच्या झाकणावर आकाश चाळीस सेंटिमीटर उरलं होतं.
"काका, खाली बसा."
"पडत नाही मी."
"पडण्याचं नाही. बसलात तर नियमात आहात."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मग टाकीवरच मांडी घातली,
पंगतीत वाढपी यायची वाट बघत बसावं तशी.
डोकं तरीही वरच होतं.
ते मी लिहिलं नाही.

दुसरी नोटीस गावठाणातली.
रेजिना मिस्किटा यांच्या अंगणातला माड.
नवरा गेला त्या वर्षी लावलेला,
तेव्हा विमानं कमी होती, की आवाज कमी होता,
त्यांना नक्की आठवेना.
"किती कापायचा?" त्यांनी विचारलं,
शाळेत जाणाऱ्या पोरीच्या केसांबद्दल विचारावं तसं.
"मीटरभर."
"माडाचा शेंडा मीटरभर कापला
तर अंगणात खांब उरेल. त्याला वायर बांधू?"

लेन्समध्ये झावळी होती.
वारा आला की उठायची, लाल रेषेच्या वर मीटरभर,
वारा पडला की मान टाकायची
आणि रेषेखाली तीन बोटं शिरायची.
नियमात वाऱ्याचा उल्लेख नाही.
मी शोधला. परिशिष्टातही नाही.

बाईंनी खुर्ची दिली.
मग चहा. मग, काही न बोलता, जेवण:
भात आणि बोंबलाचं कालवण.
हेल्परने दोनदा घड्याळ पाहिलं.
सगळ्या गल्लीला कळलं होतं मी कशासाठी बसलोय,
एका पोराने तर पंखा बंद केला घरातला.

पावणेचारला वारा पडला.
आकडा वाचला, वहीत उतरवला,
खाली सही, तारीख, वेळ.
पुढल्या वर्षी दुसरा कुणी येईल.
माड तोवर हातभर वाढेल,
छप्पर आहे तिथेच राहील.

आवरत होतो तेव्हा विमान आलं,
त्याच्या मागून ती कोंबलेली हवा खाली उतरली
आणि सगळ्या झावळ्या एकदम उभ्या राहिल्या.
मी तोवर
लेन्सवर टोपण बसवलं होतं.