रीळ संपल्यावरची अकरा मिनिटं

माझं काम साधं होतं.
तेहतीस मिनिटांची एक रीळ,
ती संपत आली की शेजारच्या यंत्रावर दुसरी.
ऐकायचे पैसे मला मिळत नव्हते.

लिप्पे नदीकाठची बंद पडलेली डेअरी,
पांढऱ्या फरशांच्या भिंती, आणि जमिनीला उतार,
सांडलेलं दूध मोरीकडे जावं म्हणून केलेला.
डेटमारचे ड्रम त्या उतारावरून सरकत,
म्हणून त्यांना विटांची उटी.
घासून घासूनही न गेलेला आंबूस वास.
एकाहत्तरचा फेब्रुवारी.

सुरुवातीला ऑर्गनची एकच पट्टी.
वुनिबाल्डने तिच्यावर तराजूतलं वजन ठेवलं
आणि तो चक्क सिगारेट ओढायला बाहेर गेला.
सूर तिथेच, सोडून दिलेल्या दिव्यासारखा.
‘पाच मिनिटं काही घडलं नाही,’
मी वहीत लिहिलं.
मग खोडलं.
कारण फरशांवरून परतणारा सूर
निघणाऱ्या सुराला किंचित उशिरा भेटत होता
आणि दोघांच्या मधे एक तिसरा होता
जो कुणीच वाजवत नव्हतं.

मग बास आला, सातात चालणारा,
एक पाय आखूड असलेल्या माणसासारखा.
डेटमार चारात.
वाट एकच, पावलं वेगळी,
अठ्ठाविसाव्या मात्रेला खांद्याला खांदा लागायचा,
पुन्हा फारकत.
मी त्या भेटी मोजू लागले.
नवव्या भेटीनंतर मोजणं सुटलं.

एकार्टने गिटार मांडीवर आडवी घेतली
आणि खिशातून चमचा काढला.
पुढचं मला सांगता येत नाही.
एवढंच, की गोठ्यात रात्री वासरू अडलं
तेव्हा वडिलांनी खोचलेल्या बाह्या मला आठवल्या,
आणि ते वाट पाहणं,
ज्यात कुणी कुणाला घाई करत नाही.

फट. फट. फट.
रिळीचं शेपूट यंत्रावर आपटत होतं.
दुसरी रीळ टेबलावर, हाताच्या अंतरावर,
आणि माझे हात मांडीवर.
काचेपलीकडे चौघांचे डोळे मिटलेले.
ते आणखी अकरा मिनिटं वाजवत राहिले.
भिंतीवरच्या घड्याळावरून सांगते, अकरा.

हॅम्बुर्गहून कंपनीचे साहेब आले.
‘शब्द कुठे आहेत?’ त्यांनी विचारलं.
तरी तबकडी निघाली. अर्धा तुकडा या बाजूला,
अर्धा त्या बाजूला, मधे उठून उलटायची.
शेवटी सुरी फिरवल्यासारखा तुटणारा तो सूर,
एका समीक्षकाने लिहिलं:
‘एवढं धाडस अलीकडे ऐकलं नव्हतं.’
वुनिबाल्डने कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं,
नुसता हसला. कधीच काही बोलला नाही.

आता रविवारी ती तबकडी मी लावते.
आन्सगार, माझा नवरा, आयुष्यभर दुधाचा टँकर चालवलेला,
चाळीस वर्षं एकच विचारतो:
‘गाणं सुरू कधी होणार?’
आणि सूप ढवळायला आत जातो.

दुसरी बाजू तुटते.
सुई शेवटच्या खाचेत अडकून
टक्... टक्... करत राहते.
मी उठत नाही.
त्या टकटकीवर उरलेलं सगळं चालू असतं,
चमचा, आखूड पाय, कुणीच न वाजवलेला तिसरा सूर.

परवा माझा डोळा लागला असावा.
जाग आली तेव्हा आन्सगार फोनोपाशी उभा,
एका हातात पळी, ओठ हलत होते,
काहीतरी मोजल्यासारखे.
त्याने ते कधी ऐकलेलं नाही.
ऐकायला ते जगात कुठे नाहीच.

त्याने सुई उचलली.
जिथे डेटमारने काठ्या खाली ठेवल्या होत्या,
बरोबर तिथे.
‘सूप निवतंय,’ तो म्हणाला.